आधी सूर्य ठरवा : प्रकाशाच्या गमतींचं पहिलं चित्रपुस्तक करताना

मुलांची दहा चित्रपुस्तकं घ्या आणि इंद्रधनुष्याचं पान शोधा. निम्म्या वेळा तरी चित्र असं असतं : दोन डोंगरांच्या मधून हसरा सूर्य वर येतोय आणि त्याच्या डोक्यावरून सातरंगी कमान गेलीय. चित्र छान असतं, पण असं आकाश कुणी कधी पाहिलेलं नाही. इंद्रधनुष्य सूर्याच्या समोरच्या बाजूला पडतं. ते बघायचं तर सूर्याकडे पाठ करावी लागते.

हे मी फार शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या पहिल्या डमीत, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यात, मीही तोच सूर्य काढला होता. वर त्याच पानावरच्या मुलाची सावली त्याच्या पुढ्यात, इंद्रधनुष्याच्या दिशेने पडलेली. तिसरीतल्या एका मुलीने बोट ठेवून विचारलं, "सूर्य याच्या समोर आहे ना? मग सावली मागे नको?" मजकूर तीन जणांनी तपासला होता. चित्र कुणीच तपासलं नव्हतं.

तेव्हापासून एक सवय लागली. कुठल्याही पानाला पेन्सिल लावण्याआधी तीन गोष्टी कोपऱ्यात लिहायच्या : सूर्य कुठे आहे, बघणारा कुठे उभा आहे आणि किती वाजलेत. पहिल्यांदाच असं पुस्तक करायला निघालेले शिक्षक, चित्रकार, पालक यांच्यासाठी हा लेख आहे. सगळी कामं याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

पायरी १ : यादी छाटा

सुरुवातीला यादी भरमसाट होते. वीज, काजवे, ध्रुवीय प्रकाश, ग्रहणं, उल्का, समुद्राच्या लाटांमधला निळा उजेड. यातलं बरंच काढून टाकावं लागतं. मी दोन चाळण्या लावते. पहिली : मराठी मुलाला हे आपल्या गावात, पैसे न खर्चता बघता येईल का? ध्रुवीय प्रकाश इथे गळतो. दुसरी : हा प्रकाश सूर्याचा आहे का? काजवे आणि चमकणाऱ्या लाटा इथे गळतात, कारण तो सजीवांनी स्वतः तयार केलेला उजेड. विषय सुंदर आहे, पण त्याचं वेगळं पुस्तक करा. एका पुस्तकात दोन्ही घातलं की मुलं काजव्यालाही थेंबातलं इंद्रधनुष्य समजायला लागतात.

चोवीस पानांचं पुस्तक धरलं तर नऊ विषय पुरतात. माझी यादी वर्षाच्या क्रमाने लावलेली आहे : चंद्राची कोर, झाडाखालचे कवडसे, मृगजळ, शून्य सावली, इंद्रधनुष्य, इंद्रवज्र, पृथ्वीची सावली, खळं आणि निळं आकाश. तुमची वेगळी असेल. कोकणातल्या माणसाने समुद्रावरचा सूर्यास्त घालावा, विदर्भातल्याने मृगजळाला दोन जोडपानं (समोरासमोरच्या पानांच्या दोन जोड्या) दिली तरी चालतील.

पायरी २ : वर्षभर बघा, वितीने मोजा

इंटरनेटवरचे फोटो बघून चित्रं काढू नका. फोटोत माप कळत नाही, दिशा कळत नाही, आणि रंग कुणीतरी चढवलेले असतात. एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, दिशा, ढग कसे होते आणि माप. चित्र वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही, माप मात्र हवंच.

मापासाठी कंपास लागत नाही, आपला हात पुरतो. हात पूर्ण लांब करा. करंगळीची जाडी म्हणजे आकाशातला साधारण एक अंश, बंद मूठ दहा अंश, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत वीस-बावीस अंश. मुलांचा हात लहान, पण लांबीलाही तो कमीच, त्यामुळे हिशोब जवळपास तोच येतो. ही वीत पुस्तकाच्या पहिल्याच जोडपानावर द्या, कारण पुढे ती सतत लागते. चंद्र-सूर्याभोवतीचं खळं एका वितीवर असतं. इंद्रधनुष्य आपल्या डोक्याच्या सावलीपासून दोन वितींवर असतं. पौर्णिमेचा चंद्र मात्र अर्ध्या अंशाचाच, करंगळीच्या नखाआड सहज लपतो. उगवताना तो परातीएवढा भासतो तेव्हाही नखाआड लपतोच. हा प्रयोग मुलांना भयंकर आवडतो, आणि मोठ्यांना पटत नाही.

एक सूचना तुमच्या वहीतही लिहा आणि पुस्तकातही ठळक छापा : सूर्याकडे थेट बघायचं नाही. सूर्याभोवतीचं खळं बघायचं असेल तर विजेच्या खांबाच्या किंवा घराच्या कोपऱ्याच्या आड सूर्य पूर्ण झाकायचा. तरी मुलांसाठी चंद्राचं खळंच बरं.

निरीक्षणाला एक पूर्ण वर्ष द्या. घाई असेल तर निदान वळवापासून कोजागिरीपर्यंतचे महिने सोडू नका.

पायरी ३ : सूर्य, बघणारा, वेळ

इथे वेळ घालवा. पुस्तक बरोबर की चूक, हे याच पायरीवर ठरतं.

इंद्रधनुष्यापासून सुरू करू. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, ती दिशा म्हणजे इंद्रधनुष्याच्या वर्तुळाचं केंद्र. त्या केंद्रापासून ४२ अंशांवर, म्हणजे दोन वितींवर, तांबडा रंग असतो आणि ४० अंशांच्या आसपास जांभळा. म्हणजे तानापिहिनिपाजा बाहेरून आत म्हणायचं. सूर्य जितका वर, तितकं केंद्र जमिनीखाली आणि कमान तितकी बुटकी. मुलांना वजाबाकी द्या : बेचाळीसमधून सूर्याची उंची वजा करा, कमानीच्या माथ्याची उंची मिळते. सूर्य वीस अंशांवर असेल तर माथा बावीस अंशांवर, म्हणजे एका वितीवर. सूर्य अगदी मावळतीला टेकलेला असेल तर पूर्ण अर्धवर्तुळ. आणि सूर्य बेचाळीस अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसतच नाही.

याचा चित्रावर काय परिणाम होतो बघा. जूनमध्ये पुण्यात साधारण सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात सूर्य बेचाळीस अंशांच्या वर असतो. तेव्हा भरदुपारच्या मधल्या सुट्टीत, शाळेच्या मैदानावर आकाशात इंद्रधनुष्य काढलंत तर चुकलात. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून आपल्याकडची बरीच इंद्रधनुष्यं संध्याकाळी पूर्वेला दिसतात. चित्रात मुलं शाळेतून घरी येताना दाखवा, दप्तरं भिजलेली, पश्चिमेकडून उन्हाची तिरीप. सकाळचं इंद्रधनुष्य काढायचं तर ते पश्चिमेला.

चित्र बघणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आहे, म्हणून समोरच्या घरांच्या भिंती उजळलेल्या हव्यात. झाडांच्या, खांबांच्या, मुलांच्या सगळ्या सावल्या पानाच्या आत, कमानीच्या केंद्राकडे जायला हव्यात. मागचं आकाश काळसर, कारण पाऊस तिकडे पडतोय. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा जरा उजळ असतं; एवढं जरी रंगवलंत तरी चित्र एकदम खरं वाटायला लागतं. दुसरी, फिकी कमान काढणार असाल तर ती साधारण ५१ अंशांवर आणि तिच्यात रंग उलटे : तांबडा आत, जांभळा बाहेर. दोन कमानींच्या मधला पट्टा काळपट राहतो. त्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. हा अलेक्झांडर सिकंदर नव्हे, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा ग्रीक तत्त्वज्ञ आहे. मुलं हे विचारतातच, म्हणून सांगून ठेवलं.

कमान नेहमी वर्तुळाचाच तुकडा. बाजूने बघितल्यासारखी चपटी, लंबगोल, डोंगराला वळसा घालून गेलेली कमान नको. आणि इंद्रधनुष्य एखाद्या झाडावर टेकवून तिथे मुलं धावत जाताना काढायची असतील, तर मजकुरात सांगा की ती जवळ गेली की ते पुढे सरकतं. शेजारी उभ्या असलेल्या दोन मैत्रिणींनाही प्रत्येकीला आपापलं, वेगवेगळ्या थेंबांमधून आलेलं इंद्रधनुष्य दिसतं.

इंद्रवज्र हा तर सूर्य-बघणारा-वेळ यांचा धडाच. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे कड्यावर उभ्या माणसाच्या पाठीशी. खाली कोकणाच्या बाजूने दरीत ढग भरलेले. माणसाची सावली त्या ढगांवर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. दख्खनमध्ये काम केलेले कर्नल साइक्स यांनी या भागात पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्यांची नोंद १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. जर्मनीतल्या ब्रोकेन शिखरावर असंच दिसतं, त्यावरून ब्रोकेन स्पेक्टर हे इंग्रजी नाव पडलं. आपल्याकडे इंद्रवज्र हा शब्द असताना ते नाव मुलांच्या पुस्तकात मुख्य नाव म्हणून देण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

चित्र काढताना दोन चुका होतात. एक, संध्याकाळ दाखवणं. कोकणकड्यावर संध्याकाळी सूर्य समोर असतो, मग दरीतल्या ढगांवर सावली पडणार कशी? दुसरी, दहा ट्रेकर आणि प्रत्येकाच्या डोक्याभोवती कडं. प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती कडं दिसतं. म्हणून चित्र एकाच मुलाच्या डोळ्यांनी काढा : पुढे ढग, त्यावर एक सावली, तिच्याभोवती कडं. कड्याच्या टोकावर उभं मूल मात्र काढू नका. पालक पुस्तक मिटतील, आणि बरोबरच करतील. पोटावर झोपलेलं, मागून मोठ्या माणसाने धरलेलं मूल काढा. तिथे तसंच बघतात.

खळं याच्या अगदी उलट. इंद्रधनुष्य सूर्यासमोर, खळं सूर्या-चंद्राभोवती. इंद्रधनुष्य पाण्याच्या थेंबांचं, खळं उंच पातळ ढगांमधल्या षटकोनी बर्फकणांचं. "पण आपल्याकडे बर्फ कुठे?" हा प्रश्न येणारच. भर मे महिन्यातही आठ-दहा किलोमीटर उंचीवर कडाक्याची थंडी असते, हे एका वाक्यात लिहा. खळ्याची आतली कड तांबूस असते. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं छोटं रंगीत तेजोवलय वेगळं. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं आणि त्यात तांबूस रंग बाहेर असतो. दोन्ही शेजारी काढलीत तर एक वीत आणि दोन-चार करंगळ्या हा फरक नीट दिसू द्या.

आता चंद्र. चित्रकारांचा चंद्र सगळ्यात जास्त चुकतो, कारण तो सगळ्यात जास्त काढला जातो. उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे. शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते आणि दोनेक तासांत मावळते. मध्यरात्री गच्चीवर झोपलेल्या मुलांच्या डोक्यावर ती कोर असूच शकत नाही. महाराष्ट्रातून ती फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ आडवी, होडीसारखी दिसते. परदेशी पुस्तकांतली उभी कोर तिथल्या अक्षांशांची आहे. ती उचलू नका. कोरीच्या पोटात चांदणी काढणं तर सोडूनच द्या. तो भाग रिकामा नसतो, तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो मंद दिसतोही; तो राखाडी रंग जरूर दाखवा.

संकष्टीच्या चित्रात आजी चंद्राला ओवाळतेय आणि वर बारीक कोर. हेही खूप पाहिलंय. संकष्टी ही वद्य चतुर्थी. चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो आणि बराच मोठा, किंचित झिजलेला असतो. घरातल्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. चित्रकाराने ते कॅलेंडर भिंतीवर नाही, टेबलावर ठेवावं.

बाकीचे विषय पटापट सांगते.

शून्य सावली : कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला आहे, म्हणून राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. सावंतवाडीत मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १४ मेच्या आसपास, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग. पुण्या-मुंबईत ही वेळ बाराच्या ठोक्याला नसते, साडेबाराच्या सुमाराची असते. उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली दडते, पण कलंडलेल्या खांबाची पडतेच. चित्रात तो खांब ठेवा. दिल्लीच्या मावसभावाला हा दिवस कधीच मिळत नाही.

कवडसे : झाडाखाली जमिनीवर पडलेले उजेडाचे गोल म्हणजे पानांच्या फटींचे आकार नव्हेत, त्या सूर्याच्या प्रतिमा आहेत. फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसे गोलच. खंडग्रास ग्रहणात त्याच कवडशांच्या कोरी होतात. पत्र्याच्या छपरातलं भोक तीन मीटर उंच असेल तर माथ्यावरच्या सूर्याचा कवडसा सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा पडतो. दर एक मीटरला जवळजवळ नऊ मिलिमीटर. सूर्य तिरपा असेल तर तो लांबट होतो.

मृगजळ : तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतं ते आकाश. रस्त्यालगतच्या गरम हवेतून किरण वर वळतात. म्हणून ते गडद निळं तळं म्हणून न रंगवता त्या वेळच्या आकाशाचाच फिकट रंग द्या, आणि समोरून येणाऱ्या ट्रकची उलटी छबी. खाली वाकून बघितलं की ते जास्त ठळक होतं.

पृथ्वीची सावली : सूर्यास्तानंतर सगळे पश्चिमेकडे बघत असतात तेव्हा पाठ फिरवा. पूर्व क्षितिजावर करडा-निळा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी झाक. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली आपल्या पृथ्वीची सावली. ती हळूहळू वर चढते आणि विरते. कोजागिरीला आकाश धुतलेलं असतं आणि पूर्ण चंद्र त्याच पट्ट्याच्या आसपास वर येतो. मसाला दूध उकळेपर्यंत मुलांना गच्चीवर पाठवा.

पायरी ४ : मजकूर

सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी एका जोडपानाला चाळीस-साठ शब्द पुरे. आधी हे वाक्य बघा : "पर्जन्यबिंदूत प्रकाशाचे अपवर्तन, अपस्करण व पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन वर्णपट निर्माण होतो." यात तीन जड शब्द आहेत आणि एक चूकही. थेंबाच्या मागच्या पृष्ठभागावरून होणारं परावर्तन पूर्ण नसतं, बराचसा प्रकाश तिथून पलीकडे निघून जातो. "पूर्ण" हा शब्द मोठ्यांच्या पुस्तकांतून उचलला जातो आणि फिरत राहतो.

आता हे : "किरण थेंबात शिरतो आणि वाकतो. मागच्या भिंतीवर आपटून थोडा परत फिरतो. बाहेर पडताना पुन्हा वाकतो. जांभळा जास्त वाकतो, तांबडा कमी. म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात." हे मोठ्याने वाचता येतं. पारिभाषिक शब्द शेवटच्या पानावर द्या, आणि ते शालेय पाठ्यपुस्तकातलेच घ्या. विश्वकोशात अपवर्तनाला प्रणमन म्हटलंय. दोन्ही बरोबर, पण मुलाला दहावीपर्यंत अपवर्तनच भेटणार आहे. विकिरण शब्दापासून सावध राहा. आपल्या पाठ्यपुस्तकात तो प्रकाश विखुरण्यासाठी आहे, हिंदीत किरणोत्सर्गासाठी. हिंदी लेखावरून मजकूर बेतला की इथे घोटाळा होतो. मी सरळ "विखुरणं" लिहिते.

निळ्या आकाशाच्या पानावर हाच शब्द लागतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त विखुरतात. संध्याकाळी किरणांना हवेतून लांबचा पल्ला कापावा लागतो, वाटेत निळा उधळला जातो आणि तांबडा-नारिंगी उरतो. "मग आकाश जांभळं का नाही?" हा प्रश्न चौथीतलं पोर हमखास विचारतं. सूर्यप्रकाशात जांभळा निळ्यापेक्षा कमी, आणि आपले डोळेही त्याला कमी दाद देतात, एवढं उत्तर पुरतं. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लिहू नका. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांना हीच शंका आली. त्यांनी निकोल प्रिझममधून (परावर्तित चकाकी गाळणाऱ्या स्फटिकातून) बघून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब घालवलं, तरी भूमध्य समुद्र निळाच राहिला. पुढे २८ फेब्रुवारी १९२८चा शोध, १९३०चं नोबेल आणि आपला विज्ञान दिन. बोटीच्या कठड्यापाशी उभा फेटेवाला तरुण आणि डोळ्याला लावलेला छोटासा प्रिझम : चित्राला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही.

सूर्यदादा, चांदोमामा यांना माझा विरोध नाही. पण ते गाण्यात राहू द्या. "सूर्यदादाला राग आला म्हणून तो लाल झाला" असं एकदा छापलं की पुढचं विखुरणं कोण ऐकणार?

प्रयोग घरच्या वस्तूंचेच ठेवा. संध्याकाळच्या उन्हाकडे पाठ करून नळीने बारीक फवारा उडवा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की झालं. डोक्याच्या सावलीपासून दोन वितींवर बघा. तिथे इंद्रधनुष्य असतंच. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हा प्रयोग शोभत नाही. तिथे झाडांवर मारायचा स्प्रे चालतो. प्रत्येक प्रयोग तीन मुलांकडून, तुम्ही तोंड न उघडता, फक्त मजकूर वाचून करवून घ्या. जिथे ती अडतात तिथलं वाक्य बदला.

पायरी ५ : डमी आणि रंग

सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की चोवीस पानं. पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं शब्दांचं. मध्ये अकरा जोडपानं. पहिल्यावर वीत आणि मूठ, शेवटच्यावर मुलांनी भरायचा तक्ता, मधली नऊ विषयांची. पिना मारून बांधणी करायची असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत, हे आत्ताच लक्षात ठेवा. शेवटी एक पान वाढवायला गेलात की छापखानेवाला चार वाढवतो.

डमीत दुमड कुठे येते ते बघा. कमानीचा माथा, चंद्र, मुलाचा चेहरा दुमडीत गेला की गेलाच. मी कमान जरा डावीकडे सरकवते.

रंगांबद्दल एक कडू गोष्ट. पडद्यावर झळाळणारा जांभळा आणि हिरवा चाररंगी छपाईत मंद पडतो. म्हणून फाइल सुरुवातीपासून छपाईच्या रंगांत करा आणि झळाळी रंगाऐवजी शेजारच्या काळोख्या आकाशातून आणा. खऱ्या इंद्रधनुष्यात सात सारखे पट्टे नसतात, रंग एकमेकांत मिसळत जातात. सातचा आकडाही न्यूटनने ठरवला. आधी त्याने पाचच रंग मोजले होते. ओल्या कागदावर जलरंग सोडलेत तर ही मिसळण आपोआप येते. स्कॅन ३०० डीपीआयला करा, आणि कडेला तीन मिलिमीटर चित्र जास्त ठेवा, कापणीत ते जातं.

अक्षर सोळा-अठरा पॉइंटांचं. युनिकोड फॉन्ट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत वापरता येतात. फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, "दुसऱ्या"मधला र नीट उमटतो का, हे छापून बघा. छापखान्यात जुन्या फॉन्टात रूपांतर केलं की जोडाक्षरांची दैना होते, तेव्हा अंतिम फाइल पीडीएफच द्या.

पायरी ६ : दोन परीक्षक

एक विज्ञान शिकवणारा माणूस. त्याला नुसता मजकूर पाठवू नका, चित्रांसकट डमी द्या आणि प्रत्येक पानावर सूर्य कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. जिथे तो घुटमळतो तिथे चित्र सैल आहे. दुसरे परीक्षक म्हणजे पाच-सहा मुलं. ती "छान आहे" म्हणाली तर काहीच कळलेलं नाही. ती भांडायला लागली तर वही काढा.

पायरी ७ : छापणं

स्टोरीवीवर या प्रथम बुक्सच्या मंचावर मोफत वाचनासाठी पुस्तक ठेवता येतं. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असतो, म्हणजे इतरांना ते भाषांतरित करायचीही मुभा. प्रकाशकाकडे जायचं तर पूर्ण रंगवलेलं पुस्तक नेऊ नका. मजकूर, पेन्सिलची डमी आणि दोन रंगीत जोडपानं पुरतात. प्रकाशकाला आकार बदलायचा असतो. स्वतः छापायचं तर शंभरेक प्रतींना डिजिटल छपाई, हजारच्या पुढे ऑफसेट. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट उमटते आणि मुलाला चित्राऐवजी दिवाच दिसतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो.

छपाईआधीचं प्रूफ दिवसा, खिडकीपाशी बघा. आणि एक गोष्ट शेवटच्या क्षणी नक्की तपासा : मांडणी करणाऱ्याने जागेसाठी एखादं चित्र आडवं उलटवलंय का. मुलं, झाडं, घरं उलटली तर कुणाला कळत नाही. चंद्र उलटला की संध्याकाळची कोर सूर्याकडे पाठ फिरवते, आणि कोकणकडा उलटला की पूर्वेला तोंड करतो. माझ्या दुसऱ्या पुस्तकात अकराव्या पानावर असंच झालं, प्रूफमध्ये सापडलं. मांडणी करणारा म्हणाला, "चंद्र तर दोन्हीकडून सारखाच की हो." मी त्याला खिडकीपाशी नेलं. नेमकी त्या दिवशी अमावास्या होती.